निकोमीडियाच्या बंबवाल्यांचा अर्ज

नगरांतील आग विझविण्यासाठीं शिकविलेलीं माणसें ठेवावींत कीं केवळ साहित्य ठेवावें, आणि माणसें ठेवावयाचीं तर त्यांच्या शिक्षणाचा भार कोणाच्या तिजोरीवर घालावा, हा प्रश्न आजच्या नगरपालिकांस पडतो तसाच तो सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वीं एका रोमन प्रांताधिकाऱ्यास पडला होता. त्यानें या बाबतींत आपल्या सम्राटास लिहिलेलें विनंतिपत्र व सम्राटाचें उत्तर हीं दोन्ही आज उपलब्ध आहेत. एका शहराच्या अग्निशमनपथकाविषयीं वरिष्ठ सत्तेकडे केलेली लेखी मागणी आणि तिजवरील लेखी निकाल, अशी पूर्ण जोडी इतक्या जुन्या काळांतील दुसरी आमच्या पाहण्यांत आलेली नाहीं. आपल्याकडील नगरेंहि आज अशाच मागण्या वर पाठवीत असल्यामुळें या जोडीचा विचार केवळ कुतूहलाचा राहत नाहीं.

अर्जदार म्हणजे धाकटा प्लिनी. ट्राजन सम्राटानें त्यास बिथिनिया व पाँटस या प्रांतावर नेमिलें होतें. पत्रांचा काळ इ. स. ११० ते ११२ च्या दरम्यानचा. ज्या शहराविषयीं अर्ज आहे तें निकोमीडिया म्हणजे तुर्कस्तानांतील सध्याचें इझमित होय. प्लिनीच्या पत्रसंग्रहाच्या दहाव्या भागांत हीं पत्रें ३३ व ३४ या क्रमांकांनीं छापलेलीं असतात.

हीं पत्रें आपणांपर्यंत कशीं पोहोंचलीं हें हस्तलिखितांच्या संग्राहकांस सांगण्याजोगें आहे. दहावा भाग सबंध एका जुन्या पोथीच्या आधारावर उभा आहे. ती पोथी पॅरिस येथें होती व पंधराव्या शतकाच्या अखेरीस जिओकोंदो नामक इटालियन विद्वानाच्या दृष्टीस पडली. तिजवरून १५०२ सालीं अवांतिउस यानें जी प्रत छापली तींत ४१ पासून पुढचींच पत्रें होतीं. म्हणजे आमचीं दोन्ही पत्रें तींत नाहींत. तीं छापलीं गेलीं १५०८ सालीं, व्हेनिस येथील आल्दुस मानुतिउसच्या छापखान्यांत. पुढें ती मूळ पोथी नाहींशी झाली. तिचींच म्हणून सहा पानें न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयांत आहेत असा निर्णय लोव व रँड या पंडितांनीं १९२२ सालीं दिला. परंतु तीं पानें दुसऱ्या व तिसऱ्या भागांतलीं. बुदे या फ्रेंच पंडिताच्या संग्रहांतील हस्तलिखित नक्कल ऑक्सफर्ड येथें आहे, तिचा पाठशुद्धीस उपयोग होतो. थोडक्यांत, आग विझविण्याविषयींचा हा अर्ज एका पोथीच्या नशिबावर लोंबकळत येऊन पोहोंचला आहे. ती पोथी शंभर वर्षें आधीं नाहींशी झाली असती तर आमच्या हातीं कांहींच नव्हतें.

आतां अर्जाचा आशय. प्लिनी प्रांताच्या दुसऱ्या भागांत फिरतीवर असतांना निकोमीडियास मोठी आग लागली. खासगी घरें पुष्कळ गेलीं. शिवाय वृद्धजनांच्या सभेचें घर व इसिस देवीचें मंदिर हीं दोन सार्वजनिक घरेंहि, मध्यें रस्ता असतां, जळालीं. आग पसरण्याचीं कारणें तो दोन सांगतो. पहिलें वारा. दुसरें लोकांचें औदासीन्य. इतकें मोठें संकट ते हात न हालवितां पाहत उभे राहिले. तशांत सरकारी बंब नाहीं, बादली नाहीं, आग आवरण्याचें कोणतेंहि साधन नाहीं. साधनें आणविण्याचा हुकूम आपण दिलाच आहे असें सांगून मग तो मूळ गोष्टीकडे वळतो: कारागिरांचा एक संघ, अवघा दीडशें जणांचा, स्थापण्यास परवानगी असावी. संघांत कारागिरावांचून कोणी शिरणार नाहीं, दिलेल्या हक्काचा दुसरा कांहीं उपयोग होणार नाहीं आणि इतक्या थोड्या माणसांवर नजर ठेवणें कठीण जाणार नाहीं, अशी हमी त्यानें दिली आहे.

ट्राजनाचें उत्तर लहान आहे व स्पष्ट आहे. हा प्रांत, विशेषतः त्यांतील शहरें, अशाच मंडळ्यांनीं पूर्वीं त्रस्त झालीं आहेत, याची तो आठवण देतो. एकत्र आलेल्या लोकांस कोणतेंहि नांव द्या व कोणत्याहि कारणानें एकत्र आणा, लवकरच त्यांचे राजकीय तट बनतात. तेव्हां आग आवरण्याचें साहित्य तयार ठेवावें, तें घरमालकांनीं वापरावें अशी त्यांस सूचना द्यावी, आणि प्रसंग पडल्यास जमलेल्या गर्दीचा उपयोग करून घ्यावा, असा त्याचा निकाल आहे.

या निकालाचें कारण राजकीय होतें याविषयीं वाद नाहीं. तें सम्राटानेंच लिहून ठेविलें आहे. तथापि आमचें लक्ष अर्जाच्या रचनेकडे जातें. प्लिनीनें पैसे मागितलेले नाहींत, परवानगी मागितली आहे. म्हणून आजच्या अर्थानें हा अनुदानाचा अर्ज नव्हे. परंतु त्यांतील उणीव अनुदानाच्या अर्जांतलीच आहे. दीडशें माणसें काय शिकणार, कोणाकडून शिकणार, किती वेळां त्यांची कवाईत होणार, बंब हातीं घेऊन तीं जें करतील तें जमलेल्या गर्दीस कां करतां येणार नाहीं, याविषयीं पत्रांत अक्षर नाहीं. संघ धोक्याचा नाहीं एवढेंच पटविण्याचा प्रयत्न आहे. तो उपयोगाचा आहे हें गृहीत धरलें आहे. बरें, लोक बघत उभे राहिले हें त्यानें स्वतःच लिहिलें होतें. ज्या गर्दीनें एकदां हात हालविला नाहीं तीच गर्दी सम्राटानें त्याच्या पदरांत घातली, आणि त्यावर प्लिनीनें पुनः लिहिलेलें पत्र संग्रहांत नाहीं. साहित्य मंजूर, माणसें नामंजूर: हा शेरा पुढें निरनिराळ्या भाषांत व निरनिराळ्या सह्यांनीं फार वेळां मारला गेला आहे.

यांत एक विसंगति आहे. ज्या सम्राटानें प्रांतास दीडशें माणसें नाकारलीं त्याच्या राजधानींत सात पलटणी आगीवर पहारा करीत होत्या. त्या इ. स. ६ मध्यें ऑगस्टसनें उभारल्या. रोमचे विभाग चौदा, पलटणी सात, म्हणजे दोन विभागांस एक असा हिशेब होता. त्यांच्या खर्चाशीं गुलामांच्या विक्रीवरील कर जोडला होता. अग्निशमनासाठीं नेमून दिलेल्या उत्पन्नाचा हा फार जुना दाखला होय, जरी त्या उत्पन्नाचा उगम आजच्या वाचकास किळस आणणारा आहे. (क्रासस या धनाढ्यानें खासगी बंबदल ठेविलें होतें व घर विकत मिळेपर्यंत तो आग विझवीत नसे, ही गोष्ट सर्वत्र छापलेली आढळते. प्लुटार्कनें लिहिलें आहे तें इतकेंच कीं, क्रासस जळणारीं व शेजारचीं घरें स्वस्तांत घेई आणि त्याजजवळ बांधकाम जाणणारे पांचशें गुलाम होते. बंब मागाहून कोणीतरी जोडले.)

आपल्याकडील आधार कौटिलीय अर्थशास्त्राचा. या ग्रंथाची पोथी तंजावर प्रांतांतील एका पंडितानें म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयास दिली व शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं ती छापून प्रसिद्ध केली, हें वाचकांस विदित आहेच. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत नगराच्या अधिकाऱ्याचें जें प्रकरण आहे त्यांत आगीचा विचार बराच बारकाईनें केला आहे. उन्हाळ्यांत दिवसाच्या मधल्या भागांत चूल पेटविण्यास बंदी. मोडल्यास पणाचा आठवा हिस्सा दंड. दारीं पाण्याचे घट, द्रोणी, शिडी, परशु, सूप, अंकुश, चामड्याची पखाल आणि कचग्रहणी नांवाचें ओढण्याचें साधन असावें; नसल्यास पाव पण दंड. रस्त्यांवर, चौकांत, वेशींत व राजाच्या घरांत हजारों भांडीं भरून रांगेनें ठेवावयाचीं. लोहारादि अग्नीवर पोट भरणारांनीं एके ठिकाणीं वस्ती करावयाची. आग लागली असतां धांवून न जाणाऱ्या घरमालकास बारा पण, भाडेकऱ्यास सहा. हयगयीनें आग लागल्यास चौपन्न पण. मुद्दाम लावणारास त्याच आगीचें शासन.

ट्राजनाचा निकाल व हें प्रकरण शेजारीं ठेवून पाहिल्यास दोघांचा कल एकच दिसतो: साहित्य ठेवा, घरमालकास कामास लावा. भेद इतकाच कीं, रोमन सम्राट सूचना देऊन थांबतो, कौटिल्य दंड सांगतो. आणि दंडाशिवाय सूचना काय कामाची हें निकोमीडियाच्या लोकांनीं आधींच दाखविलें होतें. परंतु शिकविलेल्या माणसांचा निराळा वर्ग कौटिल्याच्या या प्रकरणांतहि नाहीं. सूप व पखाल हातीं घेणारा गृहस्थच आहे. बसक्या, शाकारलेल्या घरांच्या नगरास तें पुरेसें असेल. चार मजली वाड्यास नव्हे. पुण्याचा शनिवारवाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं पेटला तो कित्येक दिवस जळत राहिला, आणि त्याचा दगडी तट तेवढा शिल्लक राहिला.

माणसें शिकविण्याची गोष्ट प्रथम नीट लिहून काढली ती एडिंबरोच्या जेम्स ब्रेडवुडनें. १८२४ सालीं त्या शहरानें त्याची बंबांवर नेमणूक केली. वय अवघें चोवीस. थोड्याच आठवड्यांत, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत, एडिंबरोची मोठी आग झाली. त्याच्या १८३० सालच्या पुस्तकाच्या नांवांतच बंबांच्या रचनेबरोबर बंबवाल्यांच्या शिक्षणाचा उल्लेख आहे. त्यानें माणसें निवडलीं तीं गवंडी, सुतार, लोहार, छपरावर पाट्या बसविणारे, नळाचें काम करणारे. गवंड्यास भिंत केव्हां खचेल हें कळतें, पाट्या बसविणारास छपरावर चालण्याची संवय असते. प्लिनीचे कारागीर ते हेच! मात्र ब्रेडवुड निवडीवर थांबला नाहीं. पहाटे, रस्ते मोकळे व अंधारलेले असतां, तो त्यांची कवाईत घेई, म्हणजे खऱ्या आगीच्या वेळचा काळोख त्यांच्या अंगवळणीं पडे. प्लिनीच्या पत्रांत जी रिकामी जागा आहे ती सतराशें वर्षांनीं अशी भरली गेली.

लंडनचा हिशेब निराळ्या वाटेनें गेला. तेथें आग विझविण्याचें काम विमा कंपन्यांकडे होतें. १८३३ सालीं दहा कंपन्यांनीं आपले बंब एकत्र करून ब्रेडवुडला प्रमुख नेमिलें. २२ जून १८६१ रोजीं टूली स्ट्रीटच्या गोदामांस आग लागली, तींत भिंत कोसळून ब्रेडवुड ठार झाला. नुकसान सुमारें वीस लक्ष पौंडांचें. कंपन्यांनीं सरकारास कळविलें कीं हा भार यापुढें आमच्यानें सोसवणार नाहीं. त्यावरून १८६५ चा कायदा झाला व १ जानेवारी १८६६ पासून दल शहराचें झालें. पैसा तीन थैल्यांतून यावयाचा: शहरांतील मालमत्तेवर पौंडामागें अर्धा पेनी कर, दर दहा लक्ष पौंडांच्या विम्यामागें कंपन्यांचे पस्तीस पौंड, आणि मध्यवर्ती सरकारचें सालीना दहा हजार पौंड अनुदान. शहरांत सरकारी इमारती आहेत तर त्यांच्या रक्षणाचा वांटा सरकारनें उचलावा, हें तत्त्व येथें मान्य झालें. अनुदान ठराविक आंकड्याचें आणि शहर वाढतें, त्यामुळें थैली अपुरी पडत गेली, हें निराळें सांगावयास नको. नव्या दलाचा प्रमुख मॅसी शॉ हा खलाशांस पसंत करी. उंचीची, हुकुमाची व रात्रंदिवस पाळीची त्यांस संवय असते हें त्याचें कारण.

याच वेळीं झालेली एक गोष्ट आमच्या वाचकांच्या विशेष कामाची आहे. दल हातचें गेल्यावर विमा कंपन्यांनीं १८६६ सालीं निराळें एक पथक काढलें. त्याचें काम आग विझविणें नव्हें. आगीच्या जागेंतील माल धुरापासून व पाण्यापासून वांचविणें हें. तें १९८४ पर्यंत टिकलें. माल वांचविणें ही आग विझविण्याहून निराळी विद्या आहे व ती शिकवावी लागते, हें व्यापाऱ्यांस आपल्या पदरच्या पैशानें कळलें.

मुंबईची कथा बहुतेकांस ठाऊक असल्यानें थोडक्यांत सांगतों. १७ फेब्रुवारी १८०३ रोजीं कोटांत लागलेल्या आगीनें त्या वस्तीचा मोठा भाग गेला व कोटाबाहेर नवें शहर वाढण्यास तें एक कारण झालें. काम बराच काळ पोलिसांच्या गळ्यांत होतें. १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यानें तें कॉर्पोरेशनचें झालें, आणि १८९० सालीं लंडनच्या दलांतील डब्ल्यू. निकोल्स यांस आणून मुख्य अधिकारी नेमण्यांत आलें. म्हणजे मुंबईनें शिक्षण विकत घेतलें तें शिकलेला माणूस आणून. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत फोर्ट स्टायकीन हें जहाज पेटलें. पोटांत कापूस व सुमारें चौदाशें टन स्फोटक द्रव्य. बंबवाले दुपारपासून पाणी मारीत होते. जहाज बुडवावें कीं बाहेर काढावें याचा निर्णय झाला नाहीं. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला व अर्ध्या तासाच्या आंत दुसरा. दलाचे ६६ लोक गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. देशाचें स्वतःचें अग्निशमन महाविद्यालय मात्र यायला आणखी बारा वर्षें लागलीं: १९५६ सालीं तें रामपूर येथें निघालें व पुढच्या वर्षीं नागपुरास आलें.

आतां प्रस्तुत काळ. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनें, १९९३ पासून, अग्निशमन हें नगरपालिकांकडे सोंपवावयाच्या कामांच्या यादींत, म्हणजे बाराव्या परिशिष्टांत, आलें. काम नगराचें झालें, पण थैली नगराजवळ क्वचितच असते. पंधराव्या वित्त आयोगानें २०२१ ते २०२६ या कालावधीसाठीं अग्निशमन सेवेच्या विस्तारास व आधुनिकीकरणास ५,००० कोटी रुपये राखून ठेवण्याची शिफारस केली व केंद्रीय गृहमंत्रालयानें जुलै २०२३ मध्यें त्याची योजना जाहीर केली. त्यांतील ५०० कोटी रुपये कायद्याच्या व व्यवस्थेच्या सुधारणा करणाऱ्या राज्यांसाठीं वेगळे ठेविले होते. राज्यानें आपला २५ टक्के वांटा घालावयाचा. ईशान्य व हिमालयीन राज्यांनीं १० टक्के. शिक्षणाचा समावेश योजनेंत होता. परंतु अर्ज राज्याचा. नगराची गरज राज्याच्या प्रस्तावांत शिरली तरच तिचा विचार.

अमेरिकेंत याच्या उलट रीत आहे. तेथें २००० सालच्या कायद्यानें जी अनुदानें सुरू झालीं त्यांचा अर्ज शहराचें अग्निशमन खातें स्वतः करतें. बंब, साहित्य, शिक्षण या बाबी निरनिराळ्या मांडाव्या लागतात. आपली आर्थिक अडचण व योजनेचा उपयोग गद्यांत लिहून द्यावा लागतो. आणि अर्जांची छाननी करणारांत दुसऱ्या गांवचे अग्निशमनवालेच असतात. गांवाचा स्वतःचा वांटा लोकसंख्येप्रमाणें ५, १० किंवा १५ टक्के. छाननी करणारानें स्वतः शिडी चढलेली असल्यामुळें ‘माणसें शिकवावयाचीं आहेत’ एवढें मोघम लिहून तेथें चालत नाहीं. ट्राजनाच्या जागीं ब्रेडवुड बसविल्यासारखें हें आहे, आणि आम्हांस ही रीत अधिक पसंत आहे.

आपल्या नगरांनीं वर पाठविलेल्या मागण्यांत बंबाची लांबी, शिडीची उंची व किंमत यांचे आंकडे चोख असतात, असा आमचा समज आहे. शिक्षणाची ओळ अखेरीस येते व एका आंकड्यावर संपते. ती उलगडून लिहिली पाहिजे. कोणत्या हुद्द्याचीं किती माणसें, कोणता विषय, किती दिवस, कोठें. तीं शिकावयास गेलीं असतां ठाण्यावर पाळी कोण करील व त्याचा पगार कोठून निघेल. एकदां शिकलेलें पुनः घोटून घेण्याची मुदत काय. यांपैकीं पाळीचा खर्च बहुधा विसरतो, आणि मग मंजूर झालेलें शिक्षणहि माणूस सोडतां येत नाहीं म्हणून पडून राहतें. जुन्या इमारती केव्हां व कशा बसतात हा विषय तर आपल्या शहरांत स्वतंत्र शिकविला पाहिजे. ९ मे २०१५ रोजीं काळबादेवीच्या आगींत जुनी इमारत कोसळून मुंबई दलाच्या मुख्य अधिकाऱ्यासह चार अधिकारी मृत्युमुखीं पडले. असल्या अनुभवी माणसांसहि जेथें दगा झाला तेथें नवख्यांस गवंड्याची नजर देण्यासाठीं पैसा मागणें ही चैन नव्हे.

दुसरा विषय आमच्या स्वार्थाचा आहे, आणि तो स्वार्थ आम्ही लपवीत नाहीं. आपल्या जुन्या कागदांची व पोथ्यांची शाई बहुतेक काजळ व डिंक यांची. ती वर्षानुवर्षें काळी राहते, पण पाण्यानें पसरते. आगींतून वांचलेला रुमाल बंबाच्या पाण्यानें वाचावयास उरत नाहीं. जर्मनींतील वायमारच्या आना आमालिया ग्रंथालयास २ सप्टेंबर २००४ रोजीं आग लागली तेव्हां सुमारें ५०,००० ग्रंथ जळाले आणि त्याहून अधिक, सुमारें ६२,०००, आगीनें व पाण्यानें बिघडले. भिजलेले ग्रंथ लागलेच गोठवून ठेविल्यामुळें व मागाहून निर्वात यंत्रांत वाळविल्यामुळें पुष्कळसे हातीं राहिले. २१ जून २०१२ रोजीं मुंबईस मंत्रालयाचे वरचे मजले जळाले तेव्हां सरकारी कागदांचें काय झालें हें सर्वांनीं पाहिलें आहे.

तेव्हां नगराच्या शिक्षणाच्या मागणींत कागद वांचविण्याचा एक पाठ घालण्याविषयीं संग्रह बाळगणाऱ्या संस्थांनीं आपापल्या अग्निशमन अधिकाऱ्यांस लिहावें अशी आमची सूचना आहे. कपाटांवर ताडपत्री केव्हां टाकावी, पाण्याचा फवारा कोठें व किती मारावा, बासनें कोणत्या क्रमानें बाहेर काढावींत, भिजलेला रुमाल तेथेंच उलगडूं नये, हें शिकविण्यास दोन दिवस पुरतात. संस्थांनीं आपल्या बाजूनें एक यादी करून ठाण्यावर द्यावी: संग्रह कोणत्या मजल्यावर, किल्ली कोणाकडे, विजेचा खटका कोठें, आणि सर्वांत आधीं काढावयाचीं पंचवीस बासनें कोणत्या कपाटांत. यादीची एक प्रत इमारतीच्या बाहेर, दुसऱ्या घरीं ठेवावी; आणि कपाटें हलविलीं कीं त्याच दिवशीं ती बदलावी.